घारीसमोर बोलायचं नाही

पडद्यावर घारीचा पाय आला आणि बाईंचं पेन थांबलं. नुसता पाय. पिवळी खवलेदार कातडी, काळ्या नख्या, आणि घोट्याच्या वर निळी कडी. कडीवर आकडा, चारशे बारा. वर्गात बावीस माणसं बसली होती आणि त्यांतल्या एकवीस जणांच्या दृष्टीने तिथे दुसरा कुठलाही आकडा असता तरी काही बिघडलं नसतं. बाईंना मात्र तो पाय कडी नसती तरी ओळखू आला असता, कारण मधल्या बोटाची नखी किंचित आत वळलेली होती, आणि ती तशी का वळली हे जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं. मोडलेलं बोट बांधताना त्यांनीच पट्टीचा अर्धा वेढा जास्त आवळला होता. समोर उभे असलेले डॉक्टर पाण्याचा घोट घेत होते. बाईंनी मान खाली घातली आणि वहीत उगीचच तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती.

डॉक्टर म्हणजे पक्ष्यांचे डॉक्टर. जखमी नाहीतर पोरकी रानपाखरं, खारी, मुंगसं सांभाळायची आणि धड झाली की परत मोकळी सोडायची, या कामाला परवाना लागतो, आणि तो टिकवायचा तर दर दोन वर्षांनी तीन दिवसांचं उजळणीचं शिबिर चुकवून चालत नाही. ते शिबिर डॉक्टर घ्यायचे. बाई तिथे विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या हीच खरं तर गंमत होती. एकोणीस वर्षं हेच काम केलेली बाई ती. समोरच्या निम्म्या लोकांना त्यांनीच चिमटा धरायला शिकवलेलं, सगळे त्यांना 'बाई'च म्हणायचे, आणि प्रत्येकाच्या पुढ्यातल्या निळ्या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण त्यांच्याच हातचं. त्या प्रकरणाचं पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ होतं: पाखरासमोर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. तोंडाला पट्टी, अंगावर मातकट झगा, हातात पाखराच्या तोंडासारखा दिसणारा मोजा. भरवणारा हात माणसाचा आहे हे पिलाला कळता कामा नये, आवाज तर नाहीच नाही. ज्या पाखराला माणसाचा आवाज गोड लागला ते पाखरू बाहेर जगत नाही.

"ही गेल्या वर्षी सुटलेली घार," डॉक्टर म्हणाले. "कुठल्या केंद्राची ते सांगत नाही, कोणाला फासावर चढवायचं नाहीये. तीन महिन्यांत तीन तक्रारी. एक बाई गच्चीत फोनवर बोलत उभी आहे, घार येते आणि खांद्यावर बसते. बसते म्हणजे आठ नख्या रोवून बसते. बाई किंचाळते, हात झाडते. कानाच्या वर सात टाके. दुसरी बाल्कनीत मैत्रिणीशी बोलत होती. तिसरी बागेतल्या बाकावर, तिच्याही कानाला मोबाइल. मग घार पकडून इथेच मागच्या पिंजऱ्यात आणली. आता सांगा, काय झालं असेल?"

"मोबाइलची चमक," मागून कोणीतरी म्हणालं.

"चमक! मग निम्मं शहर जखमी व्हायला हवं होतं." वर्ग हसला.

"सगळ्या बायकाच कशा, सर?"

"तीनवरून काही ठरत नाही. उद्या चौथा पुरुष निघेल." डॉक्टरांनी दुसरं चित्र लावलं. चारशे बाराचं कार्ड. केंद्राचं नाव आणि सही काळ्या पट्टीने झाकलेली. पण पट्टीच्या खालून सहीची शेपटी बाहेर आली होती, आणि बाई त्या शेपटीकडे बघत राहिल्या. "हे कार्ड मी तीनदा वाचलं. येताना वय पाच आठवडे. रोजचं वजन, रोजचं खाणं. माणसाच्या आवाजाशी संबंध, नाही. चव्वेचाळीस दिवस, रोज, नाही. इतकं स्वच्छ कार्ड मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि ज्यांचं आहे त्यांच्याबद्दल मला शंका नाही." हे म्हणताना त्यांनी बाईंकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. "म्हणजे चूक केंद्रात झालेली नाही. मग कुठे झाली? केंद्रात यायच्या आधी. कोणीतरी ते पिलू डोळे उघडायच्या आधीच घरी नेलं, हातावर वाढवलं, झेपेना तेव्हा 'सापडलं' म्हणून आणून दिलं. ऐका, हा फरक महत्त्वाचा आहे. माणसाळलेली घार वेगळी आणि स्वतःला माणूस समजणारी घार वेगळी. माणसाळलेलीला परत रानटी करता येतं, मेहनत लागते पण येतं. स्वतःला माणूस समजणारीला नाही. ती घार उरतच नाही. कायमचे पिंजरे भरलेले आहेत. तेव्हा समिती आज चार वाजता सही करतेय. झोपवायचं."

आमच्या धंद्यात 'मारायचं' असं कोणी म्हणत नाही, असं बाईच नव्या मुलांना सांगायच्या. आता 'झोपवायचं' हा शब्द त्यांच्या कानात शिरला आणि तिथेच बसला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. डॉक्टरांचं गणित बरोबर होतं, त्यात कुठेही खोट नव्हती, फक्त पहिली ओळच खोटी होती. कार्ड खरं असेल तर घार आधीपासून बिघडलेली. आधीपासून बिघडलेली असेल तर उपाय नाही. उपाय नसेल तर चार वाजता. बाईंनी स्वतःच्या हाताने, रोज, चव्वेचाळीस वेळा लिहिलेलं 'नाही' आता एखाद्या शहाण्या मुलासारखं ओळीत उभं राहून त्या घारीचा जीव घेणार होतं. आणि आपल्याला घाम फुटलाय तो घारीसाठी की स्वतःसाठी, हे बाईंना काही केल्या कळेना. त्यांना स्वतःची शिसारी आली.

चारशे बारा आली तेव्हा तिच्यात दम म्हणून नव्हता. घरटं पडलं, भावंडं गेली, पंख दुखावलेला, पायाचं बोट मोडलेलं. पण पाच आठवडे आईबापांच्या पंखाखाली काढलेली होती, घार म्हणून वाढलेली होती. पहिल्याच दिवशी तिने बाईंच्या मनगटावर नखी मारली तेव्हा बाईंना बरं वाटलं होतं. तिला मागच्या अंगाच्या खोलीत ठेवलं. पांढऱ्या फरशीची, एकच उंच खिडकी असलेली खोली, वास जंतुनाशकाचा आणि कच्च्या मांसाचा. दुपारी दोन वाजता सगळे जेवायला गेले की बाई स्वतः भरवायला जायच्या. झगा, पट्टी, मोजा. जमिनीवर मांडी घालून बसायचं, चिमट्याने तुकडा धरायचा, थांबायचं. घार मान वाकडी करून एका डोळ्याने बघायची. त्या डोळ्यात दया नसते, माया नसते, 'कशी आहेस' नसतं. त्या दिवसांत बाईंना नेमकं तेच हवं होतं. कारण तेव्हा सगळं जग त्यांच्याकडे मायेने बघत होतं आणि त्या मायेने त्यांचा जीव गुदमरत होता.

ताई गेली होती. बाईंची सख्खी थोरली बहीण. तीन वर्षं दोघींत अबोला. कारण आई. आईला कोणी सांभाळायचं यावरून सुरू झालं, आणि आईने शेवटी डोळे मिटले ते ताईच्याच घरी, तेव्हा ताई सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हिला कावळ्याच्या पिलाला दर अर्ध्या तासाने भरवायला वेळ असतो. आईला चमचाभर पाणी पाजायला सवड झाली नाही." खोटं म्हणावं तर तसं नव्हतं, म्हणूनच झोंबलं. बाई तिथून उठल्या त्या परत गेल्या नाहीत. मग एक दिवस, दुपारी दोनच्याच सुमारास, ताईचा फोन आला. दोनदा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा आला, की आई गेली. ताईची आई नव्हे, ती तर आधीच गेलेली; भाच्याची आई. बाईंना कळायलाच वेळ लागला होता. मग सगळ्यांनी विचारलं, की काल तिने फोन केला होता ना? आणि बाईंच्या तोंडून, विचार करायच्या आधी, निघून गेलं, "मी पिंजऱ्यात होते." झालं. पुढे कोणी काही विचारलंच नाही. पिंजऱ्यात फोन न्यायचा नाही हा नियम सगळ्यांना ठाऊक होता, बाई नियमाच्या किती पक्क्या हेही ठाऊक होतं. नवरा म्हणाला, "अगं, तू तरी काय करणार होतीस? पिंजऱ्यात होतीस." भाचा म्हणाला, "मावशी, जिवाला लावून घेऊ नकोस, तू कामात होतीस." जो तो बाईंना बाईंच्याच खोट्याने समजावत होता.

केंद्रात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मन मोकळं करायचा तास असायचा. रोज मरण बघणाऱ्या माणसांना आधार हवा, म्हणून बाईंनीच भांडून तो सुरू करवला होता. गोल खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, समुपदेशक बाई, आणि बाईंचं ठरलेलं वाक्य: "रडायचं असेल तर इथे रडा, पिंजऱ्यासमोर नाही." ताई गेल्यावरच्या शनिवारी सगळे त्यांच्याकडे बघत होते. "मी ठीक आहे," बाई म्हणाल्या, आणि डबा शेजारच्या पोरीकडे सरकवला. ती पोर लगेच रडली, खारीच्या तीन पिलांसाठी. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हीच ती पोर, जिला पुढे दीड महिन्यानंतर बाईंनी काढून टाकलं. ती खारीला दूध पाजताना गुणगुणत होती. तीन ओळी, फार तर. "तुझं गाणं झालं, पण तिचं रान गेलं," असं बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, आणि पोर झगा घडी करून ठेवून निघून गेली होती. त्याच दुपारी दोन वाजता बाई चारशे बारासमोर जाऊन बसल्या, तोंडावरची पट्टी खाली ओढली, आणि ताईशी बोलायला लागल्या. आता बोला!

सुरुवात कधी झाली ते त्यांना नीट आठवत नव्हतं. नवव्या की दहाव्या दिवशी, एक तुकडा खाली पडला आणि त्या सवयीने "अगं" म्हणाल्या. एवढंच. घारीने दुसरा डोळा फिरवला. मग दुसऱ्या दिवशी "अगं ऐक ना". फोनवर ताईशी बोलताना त्या अशाच सुरू करायच्या, हलक्या आवाजात, शेजारच्याला ऐकू जाऊ नये तसं. मग एक दिवस ते वाक्य आलं जे नवऱ्यासमोर आलं नव्हतं, शनिवारी आलं नव्हतं, एकट्याने न्हाणीघरात पाण्याचा नळ सोडूनही आलं नव्हतं. ते बोलून झाल्यावर त्यांनी चिमट्याने तुकडा पुढे केला आणि घारीने तो घेतला. त्या वाक्यानंतर जगात काहीच कोसळलं नाही. एक पाखरू जेवलं. मग रोज तेच. वाक्य, तुकडा, वाक्य, तुकडा. आणि उठताना पट्टी वर, कार्डावर 'नाही'. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. पिलू मोठं आहे, घार म्हणून वाढलेलं आहे, एवढ्याने काही होत नाही, असं त्या स्वतःला सांगायच्या. हेच कोणी विद्यार्थ्याने सांगितलं असतं तर त्यांनी त्याला सोलून काढलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत बाई ताट घेऊन बसल्या आणि काहीही न खाता उठल्या. समोरच्या खुर्चीवरची त्यांची जुनी विद्यार्थिनी म्हणत होती, "बाई, काय हलकट लोक असतात ना! घरी पाळतात आणि मग आपल्या गळ्यात." बाई "हो" म्हणाल्या. एक वाजला. परवाना गेला तर काय उरतं याचा त्या हिशोब मांडत राहिल्या आणि दर वेळी उत्तर येईना. मुलंबाळं नव्हती. घर होतं, नवरा होता, भला माणूस होता. पण सकाळी उठून जायचं कुठे? आणि तेवढंच नव्हतं. परवाना जाणं सोसलं असतं. 'मी बोलत होते' म्हणून सांगितलं की लगेच कोणीतरी विचारणार, काय बोलत होता? कोणाशी? तिथे खरं घोडं अडत होतं. एकदा वाटलं, घारच आहे. शहरात हजारो आहेत. आपण एकोणीस वर्षांत सहाशेच्या वर पाखरं सोडली, एक गेलं. मग वाटलं, तिला टोचायला दोघं लागतील, ती नख्या मारील, आणि कोणी हलक्या आवाजात बोललं तर गप्प बसेल. उलट आवाजाच्या दिशेने मान वाकडी करील. बाईंनी पाण्याचा भरलेला पेला तसाच टेबलावर ठेवला. अडीच वाजले. वर्गात दुसऱ्या कोणाचं तरी मोडलेल्या हाडांना पट्ट्या बांधण्यावर व्याख्यान चालू होतं. तीन वाजून वीस मिनिटांनी बाई उठल्या, मध्येच, खुर्ची करकरली, आणि बाहेर व्हरांड्यात डॉक्टर सही करायचे कागद चाळत उभे होते तिथे गेल्या.

"कार्ड खोटं आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागद मिटले. इकडेतिकडे बघितलं. "बाई, तुम्हाला बरं नाहीये. आत जाऊन बसा."

"ती आधीपासून बिघडलेली नाही. मी बोलत होते तिच्याशी. पस्तीस दिवस."

"मी हे ऐकलेलं नाही." डॉक्टरांचा आवाज उतरला. "तुमच्या पुस्तिकेवर चार राज्यांतली माणसं शिकतात. एका घारीपायी एकोणीस वर्षांवर बोळा फिरवणार? गप्प बसा, बाई. मी तुमच्या पाया पडतो."

"ती माणसाळलेली आहे. तुम्हीच म्हणालात, माणसाळलेलीला परत आणता येतं."

"आणि पुरावा? समितीपुढे काय ठेवू? कार्डावर तर स्वच्छ लिहिलंय. उद्या म्हणतील, बाईंना घारीचा पुळका आला म्हणून वाट्टेल ते सांगतात."

"पुरावा मीच. मला आत सोडा. स्वतःला माणूस समजणारी कोणाच्याही आवाजाला येईल. ती फक्त माझ्या आवाजाला येते की नाही ते बघा."

चार वाजायला दहा मिनिटं असताना सगळे मोठ्या उडाणपिंजऱ्याबाहेर जमले. समितीचे अध्यक्ष, डॉक्टर, आणि वर्गातले एकवीस जण, कारण डॉक्टर म्हणाले की शिकायचंच आहे तर सगळेच शिका. जाळीला बाहेरून कापड लावलेलं होतं, कापडाला बघायला फटी होत्या. घार पार टोकाच्या आडव्या दांडीवर बसली होती. आधी एका शिकाऊ मुलाला आत पाठवलं. त्याने दोनचार वाक्यं म्हटली. घार हलली नाही. मग एका मुलीला. घारीने नुसती पिसं झटकली. मग बाई झगा चढवून आत गेल्या. "ये," त्या म्हणाल्या. "ये बघू. ये." घार ढिम्म. "कशी आहेस? जेवलीस का?" काही नाही. आपल्याच कानांना आपला आवाज कसा लागतोय हे बाईंना ऐकू येत होतं. वर्गातला आवाज, शिकवायचा, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. हा आवाज त्या पाखराने कधी ऐकलाच नव्हता. बाहेर अध्यक्षांनी घसा खाकरला. "डॉक्टर, चार वाजले." कोणीतरी पाय बदलला, खडी वाजली. कापडामागे तेवीस जोडी कान आहेत, त्यांतल्या निम्म्यांना आपण शिकवलंय, आणि ते वाक्य म्हटल्याशिवाय तो आवाज येणार नाही, हे त्यांना एकदम लख्ख कळलं. दुसरं काहीही म्हणून तो आवाज काढता येत नाही. त्यांनी करून बघितलं होतं.

त्या जमिनीवर बसल्या. मांडी घातली. फरशी नव्हती, वाळू होती.

"अगं ऐक ना," बाई म्हणाल्या. "तुझा फोन आला तेव्हा मी पिंजऱ्यात नव्हते. पायरीवर बसले होते. चहा पीत होते. तुझं नाव दिसलं मला. दोन्ही वेळा दिसलं. म्हटलं, वाजू दे. म्हटलं, आता कशी आठवण झाली. राग होता गं, ताई. मग सगळ्यांना सांगितलं पिंजऱ्यात होते, आणि सगळ्यांनी..."

पंखांचा आवाज झाला. घार खांद्यावर आली तेव्हा नख्या झग्यातून आत रुतल्या, आणि बाई हलल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, पाखरू कानाशी मान वाकडी करून पुढच्या वाक्याची, नाहीतर पुढच्या तुकड्याची वाट बघत राहिलं. मग अध्यक्ष म्हणाले, "कागद आणा इकडे," आणि त्यांनी सही न करता ते चौघडी करून खिशात घातले.

परवाना त्याच संध्याकाळी जमा झाला. घरी जाऊन बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं, दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी. तो उठला, दोन ताटं घेतली आणि त्याने विचारलं, "जेवणार आहेस ना?" आणि त्या हो म्हणाल्या. आठवड्याने डॉक्टरांचा फोन आला; घार आता बाईंच्याच केंद्रात हलवली होती. घारीला त्या आवाजाची भीती बसवायची होती, आणि भीती बसवायला तोच आवाज हवा होता. रोज तीन वेळा आत जायचं, बसायचं, तसंच बोलायचं, आणि ती झेपावली की तोंडावर पाण्याचा जोरदार फवारा. "आवाज बदलायचा नाही, बाई. कठोर केलात तर ती कठोर आवाजालाच घाबरेल, आणि हळू बोलणारी पुढची बाई दिसली की पुन्हा खांद्यावर. मायेनेच बोलायचं आणि मायेलाच घाबरवायचं. जमेल?" बाईंनी विचारलं, "दुसरा उपाय?" डॉक्टर म्हणाले, "तो कागद अजून अध्यक्षांच्या खिशात आहे."

तेव्हा बाई गेल्या. गळ्यात पाहुण्यांचं कार्ड अडकवून, ज्या दाराच्या किल्ल्या एकोणीस वर्षं त्यांच्या कमरेला होत्या त्या दारावर वही भरून. पाइप धरायला मामा होते, पिंजरे धुणारे. पहिल्या दिवशी घार उडून आली आणि मामांनी पाणी सोडलंच नाही. "माझ्याच्याने व्हायचं नाही, बाई. कशी विश्वासाने येते बघा." बाई त्यांच्यावर ओरडल्या, सगळी एकोणीस वर्षं त्या ओरडण्यात होती: "विश्वासानेच मरणार आहे ती! सोडा पाणी!" दुसऱ्या खेपेला मामांनी सोडलं. घार हवेतच उलटीपालटी झाली, वाळूत पडली, पंख पसरून, भिजून निम्मी झालेली, आणि तिने पाइपकडे नाही, बाईंकडे बघितलं. बाईंनी बोलणं थांबवायचं नव्हतं. त्या बोलत राहिल्या. रोज तेच वाक्य, कारण दुसरं चालतच नव्हतं. पायरीवर होते गं. दिसलं मला. चौथ्या दिवशी घार निम्म्यातून परत फिरली. सहाव्या दिवशी ती परत आली, खांद्यापर्यंत, आणि बाईंना क्षणभर इतका आनंद झाला की त्यांना त्या आनंदाची लाज वाटली. पाणी दोघींच्या अंगावर पडलं. घरी येऊन त्या झोपायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत जायच्या. बोलून बोलून ते वाक्य झिजेल, त्यातली धार जाईल, असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. ते दर वेळी पहिल्याइतकंच लागत होतं, आणि ऐकणारी मात्र दर दिवशी एक दांडी मागे सरकत होती.

बाराव्या दिवशी डॉक्टर बघायला आले. तीनही वेळा घार स्वतःहून लांब गेली तर परीक्षा पास, मग महिनाभर दुसऱ्या घारींबरोबर ठेवून दूर कुठेतरी सोडणार. कुठे ते बाईंना सांगणार नव्हते, आणि ते बरोबरच होतं. पहिल्या वेळी बाई निम्म्या वाक्यावर आल्या आणि घार उठून मागच्या दांडीवर गेली. मामांना पाणी सोडावं लागलं नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी "अगं" म्हटल्याबरोबर ती पार टोकाला गेली आणि जाळीला धडकली. तिसऱ्या वेळी बाई आत आल्या, वाळूवर मांडी घालून बसल्या, श्वास घेतला, तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत घार उडाली. जीव खाऊन उडाली, सगळा पिंजरा ओलांडून सर्वांत वरच्या कोपऱ्यात गेली, जाळीला चिकटून बसली, आणि आकाशाकडे बघायला लागली.

"शाबास!" बाहेरून डॉक्टर म्हणाले. "झालं, बाई! सुटली ती!" मामांनी पाइप खाली टाकला आणि डोळे पुसले. बाईंनाही हसू आलं. सहाशे पाखरांच्या वेळी आलं होतं तसंच, पोटातून, खरंखुरं. फक्त उघडलेलं तोंड त्यांना मिटता येईना. आत ते वाक्य होतं, अख्खं, पहिल्या शब्दापासून, आणि ते ऐकून घेणारं आता कोणीच नव्हतं.